डब्यातून गेलेली गोळी

आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत लिहून लावलेले नियम पुष्कळ आहेत. गाडी कुठे लावायची, टाकीचं पाणी कधी सोडायचं, गच्चीवर कुरडया कुणी कुठल्या वारी घालायच्या. ते कुणीही पाळत नाही. एकच नियम सगळे काटेकोरपणे पाळतात आणि तो कुठेच लिहिलेला नाही. शेजारून भरलेला डबा आला तर तो रिकामा परत करायचा नाही. दोन लिंबं चालतात, मूठभर कढीपत्ता चालतो, उरलेली भगरसुद्धा चालते. अगदीच काही नसेल तर तळाला चमचाभर साखर घालायची, म्हणजे डब्याचा मान राहतो. हा नियम पाळायच्या नादात मी शेजारणीच्या बोटांचं वाटोळं करायची वेळ आणली होती.

शेजारीण म्हणजे अक्का. आमच्या भिंतीला त्यांची भिंत लागून आहे. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे घरात कन्नड, दारात मराठी आणि भांडणात दोन्ही. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. घरात मुलगा आणि सून, दोघंही नोकरीवर. अक्का घरीच कडक भाकरी करतात. बाहेरगावच्यांना सांगायचं तर ही ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापतात, तव्यावर भाजून शेगडीच्या धगीपाशी उभी करून वाळवतात. नीट वाळली तर महिना-महिना टिकते. कॉलनीतली कितीतरी पोरं पुण्याला, बंगळुरूला गेली, एक-दोन तर समुद्रापार गेली. प्रत्येकाच्या बॅगेत अक्कांच्या भाकऱ्या आणि शेंगाची चटणी असायचीच.

अक्कांचं सगळं कसब बोटांच्या टोकांत होतं. त्यांनी उलथनं कधी हातात धरल्याचं मला आठवत नाही. तव्यावरची भाकरी बोटांनीच उलटायची, बोटांनीच फिरवायची आणि उतरवल्यावर तिच्यावरून एकदा अलगद हात फिरवायचा. "हितं ओल हाय अजून," म्हणायचं आणि परत धगीला लावायची. मला ती ओल कधी दिसली नाही. पण ती राहिली तर चार दिवसांत बुरशी धरते आणि परदेशातल्या पोराच्या हातात हिरवी भाकरी पडते. वीस वर्षांत अक्कांची एकही भाकरी हिरवी झाली नव्हती, आणि हे त्या दर आठवड्याला एकदा तरी सांगायच्या.

आता माझ्याबद्दल. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कॉलनी मला 'बाई'च म्हणते, आणि मीही भेटेल त्याला काही ना काही शिकवल्याशिवाय सोडत नाही. आमच्या यजमानांचं म्हणणं असं की मला प्रश्न विचारायची गरजच पडत नाही, उत्तर आधीच सुरू झालेलं असतं. त्यांच्या या म्हणण्याकडे मी आयुष्यभर दुर्लक्ष केलं.

मला बारा वर्षं साखरेचा आजार आहे. दोन वर्षांपूर्वी तळपायांची आग सुरू झाली. आग म्हणजे खरोखरची आग. फरशीवर पाणी ओतून त्यात पाय देऊन बसायचे मी. शेवटी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई हुशार, पण आवाज फार हळू. तपासून त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, "यात दोन औषधं आहेत. एक आहे बी-बारा जीवनसत्त्व..."

इथे माझे कान मिटले. विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की जीवनसत्त्वांचा धडा मीच घेत असे. डोळ्यांना अ, हाडांना ड, सगळं पाठ. जीवनसत्त्व म्हणजे पालेभाजीचा अर्क, असं ठरवून मी मान डोलवायला लागले. त्या पुढे बरंच बोलत होत्या आणि मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी कधी आहे ते बघत होते.

गोळी मात्र गुणाची निघाली. रात्री जेवल्यावर एक घ्यायची. आठ-दहा दिवसांत पायांची आग निम्म्यावर आली. पहिले काही दिवस सकाळी जरा पेंगल्यासारखं व्हायचं, तर मी म्हटलं, इतक्या दिवसांची झोप भरून निघतेय. मी त्या गोळीचं नाव ठेवलं 'शिरेची गोळी', आणि संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या बायकांना तिच्यावर व्याख्यानं द्यायला लागले.

त्याच सुमारास अक्कांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. खरं तर वर्षभर येत होत्या, पण सांगितलं त्यांनी तेव्हा. "हात माझाच हाय बाई, पण बोटं दुसऱ्याची वाटत्यात," त्या म्हणाल्या. चालताना कधी कधी तोल गेल्यासारखं व्हायचं, साध्यासाध्या गोष्टी विसरायला व्हायचं. जीभ लाल होऊन चुरचुरायची, त्याचा दोष त्यांनी स्वतःच्याच चटणीला दिला होता. आणि एक गोष्ट त्यांनी अगदी जवळ येऊन, हळू आवाजात सांगितली. बंगळुरूला पाठवलेल्या भाकऱ्यांना बुरशी आली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा. ओल बोटांना कळलीच नव्हती.

"ही बोटं गेली तर माजं काय ऱ्हायलं?" त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, बोटांकडे बघून.

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी लगेच काहीतरी करते, हा माझा जुना दोष आहे.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा चटणीचा डबा मला परत करायचा होता. मी सांगोल्याहून, माहेरून, चार दिवसांनी आलेली. फ्रिज उघडला तर आत दिवा सोडून काही नव्हतं. लिंबं वाळलेली, कढीपत्ता काळा पडलेला. माहेरची डाळिंबं आणली होती ती वाटेतच नणंदेकडे उतरवून आले होते. शेवटचा उपाय चमचाभर साखर, तर माझ्या आजारामुळे यजमानांनी घरातली साखर केव्हाच हद्दपार केलेली. घासून पुसून ठेवलेला रिकामा डबा माझ्याकडे बघत होता, आणि ओट्यावर माझ्या गोळ्यांची पाकिटं होती.

मला ते सुचलं तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं. दोघींच्याही मुंग्या, दोघींच्याही शिरा, आणि शेवटी जीवनसत्त्वच की! दहा गोळ्यांचं एक पाकीट डब्यात घातलं, झाकण लावलं आणि अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून दिलं. "रोज एक," मी सांगितलं. रात्रीच घ्यायची हे सांगायचं राहून गेलं, कारण त्याला काही महत्त्व असेल असं मला वाटलंच नव्हतं.

चार दिवसांत अक्का भिंतीशी हजर. चेहरा उजळलेला. "लई गुण आला बगा बाई! मुंग्या गप झाल्या." पुढच्या डब्यात मला चटणी तर आलीच, वर तिळाच्या कडक भाकऱ्याही आल्या. मग तो डबा परत करताना मी दुसरं पाकीट घातलं. माझ्या कमी पडायला लागल्या तेव्हा मी स्वतः एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. पायांची आग परत डोकं वर काढू लागली, पण मी ते ऊन समजले. सोलापुरात कशाचंही खापर उन्हावर फोडता येतं. शिवाय शेजारणीसाठी आपण केवढा त्याग करतोय, या विचारानं मला इतकं बरं वाटत होतं की आगीचं काही वाटेना.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की 'जीवनसत्त्वच की' हे माझं वाक्य अक्कांनीही उचललं होतं. एका गोळीनं एवढा गुण, तर दोनांनी दुप्पट, असा हिशेब करून त्या सकाळच्या चहाबरोबर एक आणि दुपारी एक घ्यायला लागल्या होत्या. ताकदीची गोळी म्हणून दुपारची दुधाबरोबर घ्यायच्या, वर चार बदाम खायच्या.

यजमानांनी एकदा मला विचारलं होतं, "अक्का हल्ली भर दिवसा झोपलेल्या कशा दिसतात?" मी म्हटलं, "वय झालं." ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात नव्हतं झालं." मी त्याकडेही दुर्लक्ष केलं.

ती दुपार मला पक्की आठवते. कुणाची तरी लेक परदेशी निघाली होती, तिच्यासाठी पन्नास भाकऱ्यांची मागणी होती. मी डबा द्यायला म्हणून गेले. दार उघडंच होतं. आत गेले तर जळकट वास. अक्का शेगडीपुढे पाटावर बसल्या होत्या, मान छातीवर, चक्क डुलकी लागलेली. समोर तव्यावर भाकरी काळी होत होती. आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं तव्याच्या कडेला टेकलेली होती.

मी ओरडले आणि हात ओढला. बोटांवर पांढरे फोड आले होते. अक्कांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. दुसऱ्या कुणाचा तरी हात कुणी दाखवायला आणावा तसा त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"भाजलं व्हय?" त्यांनी मला विचारलं.

मी लगेच शेगडी बंद केली, हात नळाखाली धरला, रिक्षा बोलावली. रिक्षात त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून परत झोपल्या. खड्ड्यात रिक्षा उसळली की जाग यायची, "रोट्टी करपली का?" विचारायच्या आणि पुन्हा डोळे मिटायच्या. मी सगळा रस्ताभर त्यांचा ओला हात पदरात धरून बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी आधी हाताला मलमपट्टी केली. मग दुसरा, चांगला हात पुढे घेतला आणि अक्कांना डोळे मिटायला सांगितलं. "बोटांना कापूस लावते. कळलं की सांगा." त्यांनी कापसाचा बोळा एका बोटावरून फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पाचही बोटं झाली. अक्का डोळे मिटून, शाळेतल्या शहाण्या मुलीसारख्या ताठ बसल्या होत्या.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "लावा की आता."

डॉक्टरीणबाईंनी कापूस टेबलावर ठेवला. मला रडू यायला लागलं, ते मी खोकल्यात बसवलं.

मग चौकशी सुरू झाली. अजून कुठली औषधं? पित्ताची गोळी, रोज सकाळी, आठ-नऊ वर्षं. जेवण? भाजी-भाकरी, आमटी, दूध एरवी चहापुरतंच, दही सोसत नाही. अंडी वगैरे विचारल्यावर अक्कांनी असा काही चेहरा केला की तो प्रश्न तिथेच संपला. आणि ही झोप कशानं येते? अक्कांनी कमरेच्या पिशवीतून पाकीट काढून दिलं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटंसुलटं पाहिलं.

"ही कुणी लिहून दिली?"

"घरातच हुती," अक्का म्हणाल्या. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी.

तीस वर्षं मी वर्गात उभं राहून विचारत आले होते, खडू कुणी फेकला, खरं सांगा. खरं सांगणाऱ्याला मी कधी मारलं नाही, हेही दरवेळी सांगायचे. आता मी खुर्चीत बसले होते आणि माझा हात, मी ठरवण्याआधीच, वर गेला. बोटसुद्धा वर केलेलं, वर्गात करतात तसं.

"मी दिली," मी म्हटलं. "डब्यातून."

डब्याची सगळी हकिकत सांगावी लागली. साखर नव्हती तिथपर्यंत. डॉक्टरीणबाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वच्छ ऐकू आला. "बाई, गोळी देताना मी तुम्हाला काय काय सांगितलं होतं?" मी आठवायचा प्रयत्न केला. मला एकादशी आठवली.

मग त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं आणि या वेळी मी एक शब्द सोडला नाही. त्या गोळीत जीवनसत्त्व आहे ते नसांच्या दुरुस्तीला, पण सोबतचं दुसरं औषध दुखऱ्या नसांना शांत करणारं आहे, आणि ते माणसालाही शांत करतं. झोप येते, गरगरतं, तोल जातो. म्हणून ती रात्रीची. गोळी अंगाला कशी मानवते ते कळेपर्यंत गाडी चालवायची नाही, शेगडीपाशी आणि जिन्यावर जपायचं. झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबर तर नाहीच. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर मात्रा वेगळी, म्हणून एकीची गोळी दुसरीला चालत नाही, मग ती शेजारीण कितीही जवळची असो. पाय सुजले, वजन वाढलं तर येऊन सांगायचं. मनानं वाढवायची नाही आणि मनानं एकदम बंदही करायची नाही.

"मी एक दिवसाआड घेतेय," मी पडेल आवाजात सांगून टाकलं.

"आणि पायांची आग?"

"वाढलीय. मला वाटलं, ऊन आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि काही वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मी वर्गात हेच करायचे, अगदी हाताबाहेर गेलेल्या मुलांच्या बाबतीत.

रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. अक्कांच्या अंगातलं बी-बारा पार तळाला गेलं होतं. खाण्यातून ते फारसं येत नव्हतं, आणि जे येत होतं ते इतक्या वर्षांच्या पित्ताच्या गोळीमुळे पोटात नीट शोषलं जात नव्हतं. मी तरीही एकदा तोंड उघडलंच. म्हटलं, "पण माझ्या गोळीत बी-बारा होतंच की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं. पण एवढ्या मोठ्या खड्ड्याला ते पुरणारं नव्हतं. आणि दुसऱ्या औषधानं मुंग्या गप्प केल्या. मुंग्या म्हणजे नसांची तक्रार होती. तक्रार थांबली, म्हणून यांना वाटलं बरं वाटतंय. आत बिघाड चालूच होता."

इंजेक्शनं ठरली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. मी दिलेली गोळी डॉक्टरीणबाईंच्याच देखरेखीखाली बंद करायची, पित्ताच्या गोळीचंही बघायचं. अक्कांनी एकच विचारलं, "बोटं परत येत्याल का?"

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई खरं तेच बोलल्या. "वर्षभर अंगावर काढलंत. काही येईल, सगळं येईलच असं नाही. सहा महिने बघू."

परतताना रिक्षात अक्का जाग्या होत्या. म्हणाल्या, "तुमी हात कशाला वर केला बाई? मी सांगितलं हुतं की, घरातली म्हणून."

"खोटं सांगितलंत तुम्ही."

"खोटं कशाचं? तुमचं घर काय परकं हाय व्हय?"

मला गप्प करणारी माणसं आयुष्यात फार थोडी भेटली आहेत.

पुढचे महिने मी कामाला लागले. प्रत्येक इंजेक्शनला सोबत जायचं, हा माझा दंड मीच ठरवला. तव्यावर बोटं टेकवणाऱ्या अक्का इंजेक्शनच्या सुईला मात्र भयंकर घाबरायच्या. डोळे गच्च मिटून, माझं मनगट धरून मोजायच्या, "ओंदु, एरडु, मूरु," आणि मूरुच्या आत सुई बाहेर आली नाही तर नर्सला कन्नडमध्ये काहीतरी सुनवायच्या. नर्स मराठी होती म्हणून बरं.

घरी त्यांची शेगडी बंद होती. सुनेनं शेगडीपाशी बसायलाच मनाई केली होती, आणि ते बरोबरच होतं. पण त्या घरातून थापायचा आवाज येईनासा झाला तशी आमची भिंतही मुकी झाली. डबा येत नव्हता. चटणी मी दुकानातून आणली, तर यजमानांनी एकदा चव घेऊन ताट बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

शेवटी मीच म्हटलं, मी थापते, तुम्ही बसून सांगा. अक्का हसल्या, पण पीठ काढलं. माझ्या भाकऱ्यांविषयी फार बोलण्यासारखं नाही. भूगोलाच्या बाईंच्या हातून नकाशे झाले एवढंच. पहिल्या दिवशी एक राजस्थान झालं, एक श्रीलंका, आणि उचलताना तुटून दोन्ही परत परातीत. अक्का पाटावर बसून डोक्याला हात लावायच्या. "बडवू नगा तिला, थापा! तिनं काय गृहपाठ केला न्हाय व्हय?"

महिन्याभरात भाकरी गोल झाली. पातळही झाली. पण ओल काही मला कळेना. "हितं हात फिरवा, ओल हाय का बगा," त्या विचारायच्या. मी फिरवायचे आणि गरम आहे एवढंच कळायचं. मग त्या स्वतःचं बोट तिथे ठेवायच्या, थांबायच्या, आणि हात मागे घ्यायच्या. मला स्पर्श होता आणि अक्कल नव्हती; त्यांच्याकडे सगळी अक्कल होती आणि बोट मुकं. दोघींत मिळून एक धड भाकरीवाली होत नव्हती. माझ्या भाकऱ्या चौथ्या दिवशी हिरव्या व्हायच्या. अक्का त्या कुणाला दाखवायच्या नाहीत, गुपचूप टाकून द्यायच्या. मला ते दिसायचं, आणि फार लागायचं.

मधल्या काळात त्यांचा तोल सुधारला. जीभ बरी झाली. विसरभोळेपणा कमी झाला, म्हणजे मी बारा वर्षांपूर्वी नेलेली आणि न दिलेली किसणी त्यांना आठवली. माझ्या पायांची आगही गोळी रोज नीट घ्यायला लागल्यावर आटोक्यात आली. फक्त बोटं तशीच होती. दर भेटीत कापूस फिरायचा आणि अक्का डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून, दूरचं काही ऐकू येतंय का अशा बसायच्या. चौथ्या महिन्यात करंगळीपाशी त्या म्हणाल्या, "काय तरी हाललं." डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहून घेतलं. पाचव्या महिन्यात मात्र पुढे काहीच नाही. अक्कांनी त्या दिवशी घरी आल्यावर परात धुऊन, पुसून माळ्यावर ठेवायला सुनेकडे दिली. मला सांगितलंही नाही, मला दिसलं.

त्यानंतरच्या आठवड्यात कितीतरी दिवसांनी भिंतीवरून डबा आला. जुनाच, स्टीलचा. आत सुनेनं केलेला उपमा होता. डबा परत द्यायची वेळ आली तेव्हा मी कुठलीही जोखीम घेतली नाही. ताजी आमटी केली, लसूण-खोबऱ्याचं वाटण लावून, आणि उकळती उकळती डब्यात ओतली. झाकण लावलं, पदरानं दोन्ही बाजूंनी धरला आणि अंगणात गेले. अक्का भिंतीपलीकडून फिरून आमच्याच दारात आल्या होत्या. मी म्हणणार होते, थांबा, पोळेल, फडकं घ्या. पण गेलं वर्षभर त्या कसलंही गरम भांडं तसंच उचलायच्या, तेव्हा मी बोलेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला होता.

"अय्योऽ!"

डबा खाली. झाकण एकीकडे, आमटी माझ्या पायांवर, लसूण सगळ्या अंगणात. मी उडी मारली आणि ओरडायला तोंड उघडलं, तर अक्का स्वतःच्या बोटांकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी बोटं तोंडात घातली, बाहेर काढली, फुंकली.

"काय झालं?" मी विचारलं.

"चटका बसला."

"काय? परत सांगा."

"चटका बसला की बाई! पोळलं!"

मी आमटीत उभी होते, पाय भाजत होते, आणि मला पायांचं काही सुचत नव्हतं. अक्का खाली वाकल्या. डबा अजून वाफाळत होता. त्यांनी एक बोट जपून पुढे केलं, डब्याला लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडानं हसायला लागल्या. मग दुसरं बोट लावलं. तिसरं लावायला निघाल्या तेव्हा मी डबा हिसकावून घेतला, आणि मागच्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा, तो तसाच रिकामा त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला.